लिंकनच्या आजोबांची जमीन कुणी खाल्ली?

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: अब्राहम लिंकनच्या आजोबांच्या नावावर केंटकीत पाच हजारांहून जास्त एकर जमीन होती असं वाचलं. मग त्यांचा मुलगा थॉमस, म्हणजे लिंकनचा बाप, लहानपणापासून दुसऱ्यांच्या शेतावर राबत का फिरला? थोरल्या काकाने सगळं लाटलं का?

मी गेली बावीस वर्षं इलिनॉयमध्ये जमिनीची टायटल तपासते. कुणी जमीन घेणार असेल तर ती विकणाऱ्याकडे कशी आली, त्याच्या आधी कुणाची होती, मध्ये कुणाचा हक्क लटकत राहिला आहे का, हे जुन्या खरेदीखतांतून मागे मागे जात बघायचं. माझे वडील कराडकडे तलाठी होते, त्यामुळे कागद वाचायची खोड घरातलीच. लिंकन घराण्याचा जमीनव्यवहार मी कामासाठी नाही, हौसेने वाचला आहे. आजोबांचं नावही अब्राहमच, म्हणून त्यांना कॅप्टन म्हणते. व्हर्जिनियाच्या मिलिशियात, म्हणजे स्थानिक नागरिकांच्या फौजेत, ते कॅप्टन होतेही.

काकाने लाटलं नाही. जमीन त्याला कायद्याने दिली, आणि तो कायदा सात महिन्यांनी बदलणारच होता.

कॅप्टन मूळचे पेनसिल्वेनियाचे. त्यांचे वडील जॉन १७६८ साली शेनॅन्डोआ खोऱ्यात, लिनव्हिल क्रीकवर जाऊन राहिले आणि १७७३ मध्ये त्यांनी मुलाला २१० एकर लिहून दिले. म्हणजे या घरात हयातीतच मुलाच्या नावावर जमीन करून देण्याची रीत होती, हे लक्षात ठेवा. १७८० च्या सुमाराला कॅप्टननी ती जमीन विकली आणि डोंगरापलीकडच्या केंटकीची वॉरंटं, म्हणजे इतके एकर जमीन घ्यायचे सरकारी परवाने, घेतली. ब्रिटिशांशी युद्ध चाललं होतं, व्हर्जिनियाच्या तिजोरीत खडखडाट होता आणि सरकार पश्चिमेकडची जमीन ४० पौंडांना १०० एकर या भावाने विकत होतं, तेही भाव पार घसरलेल्या कागदी नोटांत. लाँग रन नावाच्या ओढ्यावरच्या ४०० एकरांसाठी त्यांनी १६० पौंड भरले. त्या कागदावर त्यांचं आडनाव 'लिंकहॉर्न' असं पडलं आहे. कारकुनाने कानावर आलं तसं लिहिलं. माझ्या कामात हे रोजचंच.

आणखी एक गोष्ट, कारण टायटल तपासणारीला ती डाचते. केंटकीतल्या या जमिनींची साखळी आम्ही मागे नेतो ती व्हर्जिनिया सरकारपाशी जाऊन थांबते. १७६८ च्या फोर्ट स्टॅनविक्सच्या तहात हा प्रदेश इरोक्वॉय या तिथल्या मूळनिवासी लोकांनी सोडला असं मानलं गेलं. तिथे शिकारीला येणाऱ्या शॉनी या दुसऱ्या मूळनिवासी लोकांना तो तह कधीच मान्य नव्हता. ज्या हल्ल्यात कॅप्टन मेले तो या पार्श्वभूमीवर वाचायला हवा.

हल्ला झाला मे १७८६ मध्ये, आजच्या लुईव्हिल शहराच्या पूर्वेला. कॅप्टन तीन मुलांना घेऊन शेतात काम करत होते. झाडीतून गोळी आली आणि ते पडले. मधला जोसाया मदत आणायला जवळच्या गढीकडे पळाला, थोरला मॉर्डेकाय घरात बंदूक घ्यायला गेला, आणि आठ वर्षांचा थॉमस बापाच्या प्रेताशेजारी राहिला. हल्लेखोर त्याला उचलायला आला तेव्हा मॉर्डेकायने घरातून नेम धरून त्याला पाडलं. ही कथा बापाच्या तोंडून ऐकलेल्या सगळ्या गोष्टींपेक्षा आपल्या मनावर जास्त ठसली, असं लिंकनने १८५४ साली एका नातेवाइकाला लिहिलं आहे. म्हणजे ज्या काकाने जमीन खाल्ली म्हणता, तो नसता तर थॉमसही नसता आणि लिंकनही नसता. आणि तेव्हा तो काका होता पंधरा वर्षांचा.

आता कायदा. केंटकी स्वतंत्र राज्य झालं ते १७९२ साली, तोपर्यंत ते व्हर्जिनियाचंच अंग. व्हर्जिनियात इंग्लंडमधून आलेली रीत चालू होती: मृत्युपत्र न करता कुणी मेला तर त्याची सगळी जमीन थोरल्या मुलाला. बाकीच्या मुलांना आणि मुलींना जमिनीत शून्य. थॉमस जेफरसनने ही रीत मोडणारा वारसा कायदा तयार केला, तो १७८५ साली मंजूरही झाला. अंमल मात्र १ जानेवारी १७८७ पासून. कॅप्टन गेले त्याच्या सात महिने आधी. वारसा उघडतो तो मरणाच्या दिवशी, आणि त्या दिवशी जो कायदा चालू असेल तोच लागतो. पुढे कितीही सुधारणा झाल्या तरी मागे जाऊन वाटणी होत नाही.

मृत्युपत्र असतं तर प्रश्नच नव्हता. ही रीत फक्त मृत्युपत्र नसलेल्यांना लागायची. बापाने आपल्याला २१० एकर लिहून दिलेले होते, तेव्हा मुलांची सोय करायची असते हे कॅप्टनना ठाऊक होतं. पण वय होतं बेचाळीस. धाकटी मुलगी सहा वर्षांची. झाडं तोडून शेत काढायचं चालू होतं. या वयात कोण मृत्युपत्र करतो? माझ्याकडे येणाऱ्या भानगडींपैकी निम्म्यांच्या मुळाशी हाच विचार असतो.

तर जमीन, इतिहासकार जी साडेपाच हजार एकरांच्या आसपास धरतात ती, मॉर्डेकायकडे गेली. लोक थॉमसबद्दल हळहळतात. जोसायाबद्दल आणि मेरी, नॅन्सी या दोन बहिणींबद्दल कुणी हळहळत नाही. त्यांनाही तेवढंच मिळालं. पण त्यांच्या पोटी कुणी राष्ट्राध्यक्ष झाला नाही ना.

जंगम मालमत्तेचं तसं नव्हतं. तिचा तिसरा हिस्सा विधवेला, उरलेलं सगळ्या मुलांत सारखं. केंटकीतल्या नेल्सन काउंटीच्या दप्तरात १७८९ सालची यादी आहे, आणि मला ती त्या साडेपाच हजार एकरांपेक्षा जास्त बोलकी वाटते. दोन घोडे, वासरांसह तीन गाई, नांगर, खुरपणीची तीन कुदळी, जवसाच्या धाग्याचं सूत कातायचा चरखा, कथलाच्या डझनभर ताटल्या, गिरमिटं, करवत, दोन चांगल्या बंदुका आणि एक जुनी, पिसांच्या गाद्या. पंचांनी एकूण किंमत लावली ६८ पौंड १६ शिलिंग ६ पेन्स. आता हिशोब करा. तिसरा हिस्सा बाथशिबाचा, म्हणजे विधवेचा. राहिले सुमारे ४६ पौंड, त्याचे पाच भाग. देणी वजा न करताही थॉमसच्या वाट्याला नऊ पौंडांच्या वर थोडंसं. त्याच यादीत काळ्या घोड्याची किंमत आहे साडेनऊ पौंड. बापाच्या मागे आठ वर्षांच्या पोराला जे मिळालं, त्यात बापाचा तो काळा घोडासुद्धा आला नसता.

बाथशिबाला जमिनीत काय? मालकी नाही. डावर नावाचा हक्क. नवऱ्याच्या जमिनीपैकी तिसरा हिस्सा विधवेने मरेपर्यंत वापरायचा. विकायचा नाही, मुलांना द्यायचा नाही. ती गेली की तो आपोआप वारसाकडे. पासष्ट वर्षांनी हाच हक्क याच घरात पुन्हा येणार आहे. ती मुलांना घेऊन जास्त वस्तीच्या, त्यातल्या त्यात सुरक्षित भागात गेली. आईची परिस्थिती ओढगस्तीची असल्यामुळे वडील लहानपणापासूनच मजुरी करत भटकले आणि शिक्षणाविना वाढले, असं लिंकनने १८६० मध्ये स्वतःची हकिगत लिहिताना नोंदवलं. बाथशिबाच्या बाजूने हे सगळं कसं दिसलं असेल, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

पण 'वारसा बुडाला म्हणून थॉमस दरिद्री राहिला' एवढ्यावर मी थांबणार नाही, कारण पुढचे कागद तसं म्हणत नाहीत. १८०३ साली, पंचविशीत, त्याने मिल क्रीकवर २३८ एकर ११८ पौंडांना घेतले. सुतारकाम करणारा, कर भरणारा, ज्यूरीवर बसणारा माणूस होता तो. थॉमसला जे नडलं ते वेगळंच, आणि माझ्या धंद्यातलं आहे.

केंटकीत जमीन मिळवायच्या पायऱ्या चार. आधी वॉरंट, मग अमुक ठिकाणची जमीन मला हवी अशी नोंद, मग मोजणी, मग पेटंट, म्हणजे सरकारने दिलेलं मालकीपत्र. सरकारने आधी मोजून काही ठेवलंच नव्हतं. ज्याने त्याने आपल्या पसंतीचा तुकडा आपणच मोजून आणायचा. चतुःसीमा कशा, तर ओढ्याच्या वळणावरचा पांढरा ओक, तिथून इतके दांडे पूर्वेला दोन साखरी मेपल. ओक वठला, ओढा सरकला की हद्द गेली. वर एकाच जमिनीवर तीन-तीन माणसांची पेटंटं, छपरावरच्या कौलांसारखी एकावर एक चढलेली. चौथी पायरी ओलांडलेला माणूससुद्धा सुखाने झोपू शकत नव्हता. वॉरंटवरच्या आकड्याला किती भाव द्यायचा हे यावरून ठरवा. मॉर्डेकायच्या साडेपाच हजार एकरांकडेही मी याच नजरेने बघते.

थॉमसची तीन शेतं या घोळात सापडली. मिल क्रीकच्या मोजणीत चूक निघाली, ३८ एकर हवेत गेले, आणि १८१४ मध्ये त्याने ते शेत १०० पौंडांना, तोट्यात विकलं. मधल्या काळात १८०८ मध्ये सिंकिंग स्प्रिंगचं शेत २०० डॉलर रोख देऊन घेतलं होतं. फेब्रुवारी १८०९ मध्ये लिंकन जन्मला तो इथेच. या जमिनीवर आधीच्या मालकाची बाकी राहिलेली होती, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेत हातचं गेलं. तिसरं नॉब क्रीक. तिथे फिलाडेल्फियाचे मिडलटन नावाच्या माणसाचे वारस उगवले. आमच्या पूर्वजाची इथे दहा हजार एकर जमीन आहे, तुम्ही सगळे उठा, असा दावा त्यांनी थॉमसवर आणि शेजाऱ्यांवर लावला. एकाचा वारसा बुडतो तो आधी सांगितलाच. इथे दुसऱ्याचा वारसा येऊन अंगावर पडला.

डिसेंबर १८१६ मध्ये थॉमस बायकोमुलांना घेऊन ओहायो नदीपलीकडे इंडियानात गेला. या स्थलांतराला गुलामगिरी काही अंशी कारण होती, पण मुख्य कारण केंटकीतल्या टायटलचा त्रास, असं लिंकनने स्पष्ट लिहिलं आहे. गुलामगिरीचं कारण पुढे करणं १८६० च्या निवडणुकीत त्याच्या फायद्याचंच होतं. तरी त्याने मुख्य कारण हे सांगितलं, म्हणून माझा त्यावर जास्त विश्वास बसतो. गंमत म्हणजे मिडलटनांच्या दाव्याचा निकाल १८१८ मध्ये थॉमसच्या बाजूने लागला. तोपर्यंत तो इंडियानात झाडं पाडत होता.

इंडियानात काय वेगळं होतं? १७८५ च्या काँग्रेसच्या कायद्याने तिथली जमीन विकण्याआधी मोजली जायची. सहा मैल चौरसाचं टाउनशिप, त्याचे ३६ सेक्शन, एका सेक्शनचे ६४० एकर. कागदावर पाडलेले चौकोन. दिसायला रूक्ष, पण तुमच्या चौकोनावर दुसऱ्याचा चौकोन चढत नाही. थॉमसने १८१७ मध्ये व्हिन्सेन्सच्या लँड ऑफिसात १६० एकरांची नोंद केली, दोन डॉलर एकर, हप्त्यांवर. आधी १६ डॉलर भरले, वर्षाअखेर आणखी ६४. पुढचे हप्ते झेपले नाहीत. १८२७ मध्ये निम्मी जमीन परत देऊन त्याने उरलेल्या ८० एकरांचं पेटंट पदरात पाडलं. पन्नाशीला आलेल्या माणसाचे हे ८० एकर बापाच्या साडेपाच हजारांपुढे काहीच नाहीत. पण त्यावर कुणी दावा लावला नाही.

दरम्यान घर बदललं होतं. लिंकनची आई नॅन्सी १८१८ मध्ये दुधातून होणाऱ्या विषबाधेने गेली. गाईंनी एक विषारी रानवनस्पती खाल्ली की ते दूध जीव घ्यायचं. पुढच्या वर्षी थॉमसने सेरा बुश जॉन्स्टन या विधवेशी लग्न केलं. ती तीन मुलं घेऊन आली, त्यात जॉन. लिंकनचा धाकटा भाऊ तान्हेपणीच गेलेला, सख्खी बहीण १८२८ मध्ये बाळंतपणात गेली. १८३० मध्ये सगळे इलिनॉयला गेले. शेवटी थॉमस आणि सेरा कोल्स काउंटीत गूसनेस्ट प्रेअरीवर १२० एकरांवर स्थिरावले.

इथून पुढचे कागद वकील लिंकनने स्वतः केलेले आहेत, आणि माझ्या मते त्याच्या घरच्या इतिहासाचा धडा त्यांतच दिसतो.

ऑक्टोबर १८४१. बापाला पैशाची नड होती. लिंकनने त्या १२० पैकी पूर्वेकडचे ४० एकर २०० डॉलरला बापाकडून विकत घेतले. खरेदीखतात अट घातली: थॉमस आणि सेरा, आणि दोघांत जो मागे राहील तो, यांचा हयातीपुरता हक्क राखून. म्हणजे मालक मुलगा, पण दोघं जिवंत असेपर्यंत जमीन त्यांचीच. त्याच दिवशी त्याने सावत्रभाऊ जॉनलाही लिहून दिलं की दोघांच्या पश्चात वर्षभरात २०० डॉलर दे आणि ही जमीन तुझी कर. आजही एखाद्याने म्हाताऱ्या आईवडिलांसाठी काय करावं असं विचारलं, तर मी जवळपास हेच सांगेन. पैसे दिले, पण दान म्हणून नाहीत. जमीन आपल्या नावावर घेतली, म्हणजे बापाच्या कर्जात ती जाणार नाही. आणि राहण्या-कसण्याचा हक्क तोंडी न ठेवता खतात घातला.

कर्जाची भीती पोकळ नव्हती. १८४८ मध्ये बापाने कळवलं की एका जुन्या हुकूमनाम्यापोटी जमीन विकली जाईल, २० डॉलर पाठव. लिंकनने पाठवले, आणि सोबत वकिली टोमणाही. तुम्ही हा हुकूमनामा विसरलात हे नवलच, आणि दावेदाराने तुम्हाला इतके दिवस विसरू दिलं हे त्याहून नवल. पैसे भरण्याआधी ते आधीच भरलेले नाहीत ना, याची खात्री करा. बापलेकांत प्रेम बेताचंच होतं. जानेवारी १८५१ मध्ये थॉमस मरणाला टेकला तेव्हा लिंकनने जॉनला कळवलं की आता भेटलो तर सुखापेक्षा दुःखच जास्त होईल की काय अशी शंका वाटते. तो गेला नाही. अंत्यविधीलाही नाही.

थॉमसचंही मृत्युपत्र नव्हतं. सावत्र मुलं कायद्याने वारस नसतात, सख्खी भावंडं गेलेली. उरला एकटा लिंकन. म्हणजे थोरल्याला सगळं आणि धाकट्याला काही नाही या कायद्याने ज्या बापाला नागवलं, त्याच बापाचा सगळा वारसा एकट्या मुलाकडे आला, तोही बापाला न भेटलेल्या. ऑगस्ट १८५१ मध्ये त्याने पश्चिमेकडचे ८० एकर एका डॉलरला जॉनच्या नावावर करून दिले, सेराचा डावर हक्क राखून.

जॉनने काय केलं? सगळं विकून मिसूरीला जायचं ठरवलं. नोव्हेंबर १८५१ मधली लिंकनची त्याला लिहिलेली पत्रं वाचा, भाषणांतला लिंकन त्यात सापडत नाही. तिथे काम न करता मका पिकतो का, असं तो विचारतो. ही जमीन घालवलीस तर तुला पुरायला पुरेल एवढी जागासुद्धा पुन्हा तुझ्या मालकीची होणार नाही, असं बजावतो. जॉनला पूर्वेचे ४० एकरही विकायचे होते. ३०० डॉलर येतील, १०० मी नेतो, २०० आईसाठी आठ टक्क्यांनी ठेवू, असा त्याचा प्रस्ताव. २५ नोव्हेंबरच्या पत्रात लिंकन हिशोब मांडतो. डावर म्हणजे तिसऱ्या हिश्शाचा हयातभर वापर हे समजावून सांगतो आणि म्हणतो, तो तर तू आधीच तिच्याकडून काढून घेतलास. आता या चाळीस एकरांवर पूर्ण हक्क तिचा. विकायचं तर सगळ्या रकमेचं व्याज तिचं. तुझ्या हिशोबाने तिला वर्षाला सोळा डॉलर मिळतात, जमीन तिला तीस तरी देईल. तुला हे चालत असेल, मला चालत नाही. माझ्यापुरती मला काही तक्रार नाही, असंही वर सांगतो.

मी हे पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बाथशिबाची आठवण झाली. १७८६ मध्ये तिच्या तिसऱ्या हिश्शासाठी असं पत्र लिहायला कुणी नव्हतं. इथे लिहिणारा सख्खा मुलगाही नव्हता.

तुमच्या प्रश्नात नसलेली एक गोष्ट राहते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वारसाचे खटले लढलेला हा वकील १८६५ मध्ये गोळी लागून गेला तेव्हा त्याचंही मृत्युपत्र नव्हतं. आजोबांसारखंच. मागे सुमारे १ लाख १० हजार डॉलर होते, मित्र न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिसने व्यवस्था पाहिली, आणि इलिनॉयच्या कायद्याप्रमाणे बायको मेरी, मुलगे रॉबर्ट आणि टॅड यांना सारखे तीन भाग मिळाले. थोरल्या रॉबर्टला एक डॉलर जास्त नाही. सावत्र आई म्हणून सेराला त्यातलं काही मिळणार नव्हतं, मिळालंही नाही. चाळीस एकरांवरचा तिचा हक्क लिंकनच्या मरणावर अवलंबून नव्हता. तो १८४१ च्या खरेदीखतात लिहिलेला होता. १८६९ साली, वयाच्या ८० व्या वर्षी ती वारली, गूसनेस्ट प्रेअरीवरच.